दगडी खोलीतली अळिंबी

सर, पहिल्या हिवाळ्यात तुमची अळिंबी लातुरात सगळी खपते असं मी तुम्हाला सांगत होतो, ते खोटं होतं. निम्मीसुद्धा खपत नव्हती. उरलेली मीच विकत घ्यायचो आणि माझ्याच गल्ल्यातले पैसे हॉटेलवाल्यांनी दिले म्हणून तुमच्या हातात ठेवायचो. तुम्ही गेलात त्याला किती वर्षं झाली, मीही आता तुमच्या त्या वेळच्या वयाच्या पुढं निघून आलो, गुडघे कुरकुरतात, दुकानाची गादी मुलाकडं गेली. एवढं एक वाक्य तेवढं आत अडकून होतं. ते आधी लिहून टाकलं. आता बाकीचं सावकाश लिहितो, हल्ली माझं सगळंच सावकाश चालतं.

काल दुपारी कंधारकडची एक बाई दुकानात आली. दुकान म्हणजे तेच आपलं बारदान्याचं, जुन्या पोत्यांचं. मुलगा जेवायला घरी गेला की तासभर मी तिथं बसतो. तिला पन्नास गोणपाटं पाहिजे होती, खताचा नि तेलाचा वास नसलेली. मी सवयीनं विचारलं, कशाला? म्हणाली, "अळिंबीच्या खोलीला लावायचेत, काका. वल्ले करून. गार राहतंय ना." बचत गटातल्या आठ-दहा जणींनी मिळून काढलंय म्हणे. पिशवीतून वही काढून तिनं माझ्यापुढं धरली. प्रशिक्षणात उतरवून घेतलेली. एका बाजूला खर्च: भुसा, बियाणं, प्लास्टिकच्या पिशव्या, सुतळी, पाणी तापवायचं सरपण. दुसऱ्या बाजूला उत्पन्न. खाली दोन रेघांच्या मधे नफा. सर, तुमचं पानही अगदी असंच होतं. फक्त तुमचं अक्षर फार सुंदर होतं, आणि सुंदर अक्षरात लिहिलेला नफा जास्त खरा वाटतो. "तुमी जुने मान्सं, काका," ती म्हणाली, "खरं सांगा, परवडतंय का हे?" तिला मी काय उत्तर दिलं ते पुढं येईल.

मी तुमच्या वर्गात आलो तो आठवीत. घरात आमची दखनी, बाजारात बाजाराची मराठी, आणि अहमदपूरच्या त्या शाळेत तुमच्या तासाला एक तिसरीच भाषा, जी मला ना अब्बांच्या दुकानात ऐकू यायची ना मोंढ्यात. तुम्ही कविता आधी शिकवत नव्हता, आधी म्हणत होता. खिडकीशी उभे राहून, चाल लावून, दोनदा. अर्थ नंतर, कधीकधी तर अर्थ राहूनच जायचा आणि घंटा व्हायची. मला आठाचा पाढा शेवटपर्यंत नीट आला नाही, पण कविता एकदा ऐकली की ती माझ्या अंगात चढायची. दुकानात फाटकी पोती शिवताना दाभणाच्या टाक्यावर ती म्हणत बसायचो आणि अब्बा चिडायचे, "बारदाना सी रा क्या मुशायरा कर रा रे?" हे मी वर्गात सांगितलं तेव्हापासून तुम्ही मला शायर म्हणायला लागलात. त्याच वर्षी शाळेच्या कार्यक्रमात म्हणताना मी एक ओळ विसरलो. थांबलो नाही, तिथल्या तिथं एक ओळ जुळवली आणि पुढं गेलो. टाळ्या झाल्या. तुम्ही मला नंतर हौदाजवळ गाठलंत. "ओळ वाईट नव्हती," म्हणालात, "पण कवीची नव्हती. आठवत नसलं तर गप्प उभं राहा. लोक हसतील, हसू दे. पण भरायची म्हणून खोटी ओळ भरू नको, शायर. पुढच्या सगळ्या ओळी तिच्यावर उभ्या राहतात." मी मान खाली घालून हाव म्हणालो. चौदा वर्षांच्या पोरानं हाव म्हणायला काय जातं.

भूकंप झाला तेव्हा तुम्हाला निवृत्त होऊन वर्ष होत आलं होतं. किल्लारीकडं गावंच्या गावं बसली. आपल्याकडं तेवढं नाही, पण त्या पहाटे तुमच्या घराच्या दगडी भिंतीला वरपासून खालपर्यंत एक चीर गेली, आणि काकू ज्या बाहेर आल्या त्या परत उंबरा ओलांडून आत म्हणून गेल्या नाहीत. अंगणात पत्र्याचं शेड उभं राहिलं. मी भेटायला आलो होतो तेव्हा त्या तिथं चुलीपुढं बसून भाकरी थापत होत्या. मला म्हणाल्या, "त्या दगडाखाली मी न्हाई निजणार आता, लेकरा. मरायचंच तर पत्र्याखाली मरीन. पत्रा हलका असतोय." तुम्ही हसलात, पण खालच्या आवाजात मला सांगितलंत की निवृत्तीचे पैसे बँकेत तसेच ठेवलेत, त्यातून हिला सिमेंटचं, कॉलमचं घर बांधून द्यायचंय. दोन खोल्या का होईना. म्हणजे ती पुन्हा छपराखाली निर्धास्त झोपेल.

आणि मग ती रिकामी दगडी खोली. दीड-दोन हात जाडीच्या भिंती, वर मातीचं माळवद, एकच झरोका, भर वैशाखात आत गेलं की अंगावर काटा यावा इतकी गार. चीर बुजवून घेतली तरी तिच्यात झोपायला कुणी तयार नव्हतं. तुम्ही कुठल्याशा प्रशिक्षणाला गेलात, परभणीहून बियाण्याच्या बाटल्या घेऊन आलात आणि मला पोस्टकार्ड टाकलंत, 'ज्या खोलीत माणसं निजायला भितात तिथं आता धिंगरी अळिंबी निजवणार आहे.' पुढच्या दिवाळीनंतर सुरुवात झाली. सोयाबीनचं भुसकट भिजवायचं, उकळत्या पाण्यातून काढायचं, निथळायचं, पिशवीत थरावर थर आणि मधे मधे बियाणं, मग पिशव्यांची तोंडं बांधून त्या सुतळीनं तुळयांना टांगायच्या. तीनेक आठवड्यांत आत पांढरी जाळी धरते. मग प्लास्टिक कापून दिवसातून तीन-चारदा पाणी फवारायचं, की कानाच्या पाळ्यांसारखी पांढुरकी फुलं बाहेर येतात. काकू गरम पाण्याची बादली उंबऱ्यापर्यंत आणून ठेवायच्या, आत पाऊल टाकायच्या नाहीत. आत तुम्ही एकटे. मी विचारलं, कंटाळा येत नाही का? म्हणालात, "कविता म्हणतो की त्यांच्यापुढं. तुमच्या वर्गापेक्षा बरा वर्ग आहे. कुणी चुळबुळ करत नाही."

तुमचं ते पान मला अजून दिसतं. एका पिशवीला बारा-तेरा रुपये खर्च. तीन तोडण्या मिळून किलो-सव्वा किलो माल. किलोला चाळीस रुपये भाव. भुसकट शेजाऱ्यांनी फुकट दिलेलं, खोली घरची, पाणी विहिरीचं. खर्चाच्या बाजूला मजुरी नव्हती. काकूंनी दारातून विचारलं होतं, "अन् माझी मजुरी कुठं लिव्हली?" तुम्ही म्हणालात, "तू मालकीण." त्या म्हणाल्या, "मालकिनीला मजुरी न्हाई, बरं हाय बाई तुमचं." आम्ही दोघंही हसलो. त्या हसल्या नव्हत्या, हे मला आज आठवतं.

विकायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी लातुरात दुकान टाकलं होतं आणि लातुरात तेव्हा शिकवण्यांचं पेव फुटलं होतं. नांदेडकडून, बीडकडून, पार उदगीर-देगलूरच्या पलीकडून पोरं लोखंडी ट्रंका घेऊन उतरायची. घरांवर खोल्या चढल्या, खोल्यांवर पत्र्याच्या खोल्या चढल्या, आणि दर चार घरांमागं एक मेस निघाली. तुमचा हिशेब सरळ होता: एवढी पोरं रोज दोनदा जेवणार, अभ्यासाला ताकद लागते, अळिंबीत ताकद आहे. तुम्ही पहिली टोपली घेऊन एसटीनं आलात तो दिवस. ओल्या फडक्यानं झाकलेली टोपली मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, "गुरुजी, काय हाय त्यात?" तुम्ही म्हणालात, "फुलं." फुलांना सामानाचं तिकीट लागलं नाही. दुकानात आल्यावर हे सांगताना तुम्ही लहान मुलासारखे खुश. "खोटं नाही हं, शायर, रूपक आहे."

मी टोपली सायकलला बांधून निघालो. पहिल्या मेसच्या मावशींनी फडकं उचललं आणि लगेच झाकलं. "दादा, ही तर कुत्र्याची छत्री! उकिरड्यावर उगवतीय. लोकांचं पोरगं डाक्टर व्हायला आलंय, मी त्याला पेशंट करून घरी धाडू का?" दुसऱ्या ठिकाणचा मेसवाला भला माणूस, त्यानं हातात घेऊन बघितलं, भाव विचारला आणि म्हणाला, "मटणाच्या निम्मा भाव सांगायलास, अन् मटण तर न्हाई. वर, बटाटा माझ्याकडं पंधरा दिवस पडून राहतोय. हे सकाळी आनलं तर सांच्याला पाणी सोडतंय. शिल्लक राहिलं तर मी कुणाच्या उरावर घालू?" सगळा धंदा त्या माणसानं दोन वाक्यांत सांगितला होता. पिकवणं सोपं आहे. पिकलेलं दोन दिवसांच्या आत कुणाच्या तरी कढईत जायला पाहिजे, नाहीतर पिकलंच नाही म्हणायचं. शेवटी दोन हॉटेलांनी थोडी थोडी घेतली, एका डॉक्टरीणबाईंनी पाव किलो घेतली. अर्ध्याहून जास्त टोपली तशीच.

दुकानाच्या कोपऱ्यावर आलो तर आतून तुमचा आवाज ऐकू येतोय. तुम्ही पोत्यांच्या थप्पीवर बसलायत, पाय खाली सोडलेत, आणि कविता म्हणताय. माझे दोन्ही हमाल हातातलं काम सोडून ऐकायलेत. तोच आवाज, तीच चाल, फक्त खिडकी नाही. मी सायकल तशीच मागं वळवली, बोळातून घरी गेलो, उरलेली अळिंबी परातीत ओतली, रिकामी टोपली नि फडकं घेऊन परत आलो. तुम्ही मान वर करून विचारलंत, "काय शायर, काय झालं?" मी म्हणालो, "सगळी खपली, सर. सोमवारी अजून मागितलीय." ओळ आठवत नव्हती. मी भरली.

त्या हिवाळ्यात तुम्ही आठवड्यातून दोनदा आलात. सकाळच्या गाडीनं येणार, मी टोपली फिरवून आणणार, पैसे तुमच्या हातात, मग चहा, आणि दुपारच्या गाडीपर्यंत दोन-अडीच तास तुम्ही थप्पीवर. वर्गात राहून गेलेले अर्थ तुम्ही मला तिथं सांगितलेत. घरी मात्र परात रिकामी होईना. माझ्या बायकोनं ती मटणाच्या मसाल्यात केली, कांद्यात केली, डाळीत टाकली, माळवदावर वाळवली. पोरांनी तिला नकली मटण नाव ठेवलं. बकरीपुढं टाकली तर बकरीनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. बायको म्हणायची, "रोज रोज येच छत्री क्या जी? मेरेकू सपने में बी छत्रीच दिखरी." त्या वर्षी बारदान्याला भाव बरा होता, म्हणून गल्ला सोसत होता. तुमच्या वहीत दर आठवड्याला नफा वाढत होता. खरं तर नफा म्हणून तुम्हाला जे दिसत होतं ते माझं दुकान होतं.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला तुम्ही टोपली न घेता आलात. कागद घेऊन आलात. कागदावर लोखंडी खांब, पत्रे, पिशव्या दुप्पट. "सगळी खपते म्हणतोस, मग थांबायचं कशाला?" पैसे? बँकेतले. काकूंच्या घराचे. "दोन हिवाळ्यांत परत निघतात, वर दोन खोल्यांच्या जागी तीन होतील, मीच हिशेब केलाय." सर, तेव्हा दुकानात दुसरं कुणी नव्हतं. बोलायला वेळ होता, जागा होती. मी म्हणालो, "पत्र्याखाली लई गरम होईल, सर." एवढंच. तुम्ही म्हणालात, "मला का कळत नाही? दगडाचंच बांधायचं होतं. गवंडी म्हणतो, गुरुजी, दगड सोडून काय बी सांगा, माझ्या हातानं कुणावर दगड रचणार न्हाई. आणि तुझी काकू म्हणते दगडाची एक खोली उभी हाय तीच लई झाली." खरंच होतं ते. भूकंपानंतर आपल्या भागात दगडावर दगड ठेवायला कुणी धजत नव्हतं. माणसांना वाचवणारा पत्रा अळिंबीला मारणार हे दिसत होतं, आणि तरी सगळ्यांचे हात पत्र्याकडंच जात होते. तुम्ही मला विचारलंत, "गोणपाटं देशील ना? ओली करून लावू." मी म्हणालो, हाव सर, पाहिजे तेवढी.

शेड संक्रांत उलटून गेल्यावर तयार झालं. सुरुवातीचे थोडे दिवस बरे गेले, आणि तेच मला जड गेले, कारण माल दुप्पट आला आणि गल्ल्याला तो झेपेना. एका सकाळी मी पहिल्यांदा तुम्हाला सांगितलं, "सर, आज राहिली." दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. मग मार्च आला. मी बघायला आलो तर पत्रा तापून कडकड वाजत होता. तुम्ही आणि काकू दोघंही गोणपाटांवर पाणी मारत होता. हे शेड दगडाचं नव्हतं, म्हणून काकू इथं आत येत होत्या. ओलं केलेलं पोतं तासाभरात कडक. विहिरीनं तळ दाखवलेला. पिशव्यांत पांढऱ्या जाळीच्या जागी हिरवी बुरशी चढली होती आणि आंबूस वास सुटला होता. तुम्ही एकेक पिशवी सोडवून उकिरड्यावर नेत होता, दोन्ही हातांनी, वर्गातल्या मुलाला धरून बाहेर न्यावं तशी. दगडी खोलीतल्या पिशव्या मात्र अजून फुलत होत्या. जेवढी ती खोली, तेवढाच धंदा परवडत होता. बाकीचं माझ्या शब्दावर बांधलेलं होतं.

शेवटचं तुम्ही आलात तेव्हा चहा घेतलात, कविता म्हटली नाहीत. बशी खाली ठेवून म्हणालात, "तू वाईट वाटून घेऊ नको रे. मागच्या साली खपत होतं, औंदा खपत न्हाई. बाजार आहे, बदलतो. त्याचा काय दोष?" बाजार मुळीच बदलला नव्हता, सर. बाजारानं पहिल्या दिवशीच मला स्पष्ट सांगितलं होतं. तुम्ही त्याला माफ करून टाकलंत आणि मी समोर बसून कान पकडावेत तसा कप धरून बसलो.

काकूंचं सिमेंटचं घर झालं नाही. शेडाचे पत्रे अर्ध्या किमतीला गेले, उरलेले त्यांच्या स्वयंपाकाच्या जागेवर चढले. तुम्ही गेलात तेव्हा मी आलो होतो, त्या त्याच पत्र्याखाली बसल्या होत्या आणि मला जवळ बसवून म्हणाल्या, "तुझ्यामुळं त्यांचे दोन-तीन वरीस बरे गेले, लेकरा. आंघोळ करून टोपली भरायचे तर तोंडावर कसं तेज असायचं." त्यांना तरी सांगायचं होतं. लोक होते भोवती. पुढं त्याही गेल्या, पत्र्याखालीच.

तर ती कालची बाई. मी तिला सांगितलं: आधी गिऱ्हाईक बांधा, मग पिशव्या भरा. ज्या दिवशी तोडाल त्याच दिवशी उचलणारं कोण, त्याचं नाव वहीत सगळ्यात वर लिहा. तुमच्या दहा जणींची मजुरी खर्चात धरा, घरचीच म्हणून सोडू नका. ती धरून दोन रुपये उरले तरच ते उरले. उन्हाळ्याचे चार महिने नफ्यात मोजू नका. आणि पत्र्याखाली करू नका. तिनं सगळं उतरवून घेतलं. म्हणाली, गिऱ्हाईक हाय काका, लातूरच्या दोन होस्टेलच्या मेस ठरल्यात, आता पोरंच मागायलीत, रविवारी मश्रूम पाहिजे म्हणून भांडतात. मी म्हणालो, बरंय. पंचवीस-तीस वर्षं उशिरा का होईना, तुमचा हिशेब बरोबर निघाला, सर. मग तिनं विचारलं, "तुमी केलतं का कधी?" मी म्हणालो, "माझ्या सरांनी केलतं." "मग त्यायला परवडलं का?" मी म्हणालो, "न्हाई. त्यांना विकणारा माणूस चांगला मिळाला न्हाई." तिला पन्नास गोणपाटं निवडून दिली. अनोळखी बाईला जे पाच मिनिटांत सांगता आलं ते तुम्हाला दोन हिवाळे सांगता आलं नाही.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून शेवटचंही लिहितो. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तुमचं मन मोडू नये म्हणून मी खोटं बोललो. बायकोनं तेव्हाच, परात घासता घासता, एकदा म्हटलं होतं, "सर का दिल टूटता बोलके नै जी. सर का आना बंद होता बोलके झूट बोलते तुम." मी तिच्यावर ओरडलो आणि न जेवता दुकानात गेलो. ती बरोबर होती, तुमचं येणं थांबू नये म्हणूनच मी खोटं बोलत होतो. धंदा बुडाल्यावर तुम्ही यायचे थांबलात, आणि तुम्हाला भेटायला अहमदपूरची गाडी तर रोज सुटत होती. एकदा सुट्टीच्या दिवशी मी स्टँडपर्यंत आलो, गाडी लागली होती, खिडकीजवळची जागाही रिकामी होती. मी उभा राहिलो आणि गाडी जाऊ दिली. मग घरी येऊन सांगितलं, गाडी भरलेली होती.